यूट्यूब-ओटीटीसाठी महिन्याला वेगळे १०० रुपये? फायबरवाला म्हणतो खर्च नेटफ्लिक्सने द्यायला पाहिजे

इंदिरानगर_बी_विंग

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे, सांभाळून घ्या. आमची सोसायटी नाशिकच्या इंदिरानगरला, ४० फ्लॅट, आणि जवळपास सगळ्यांकडे एकाच लोकल फायबरवाल्याचं नेट, कारण जुन्या कमिटीने बाकी कोणाला डक्टमधून वायर टाकूच दिली नाही. तर त्याने परवा ग्रुपवर मेसेज टाकला की पुढच्या महिन्यापासून १०० एमबीपीएसच्या प्लॅनचे दोन प्रकार होणार. साधा प्लॅन आहे त्याच रेटला, पण त्यात संध्याकाळी ७ ते ११ व्हिडिओ "कंट्रोलमध्ये" चालणार (म्हणजे काय ते तोच जाणे), आणि ज्यांना यूट्यूब, हॉटस्टार, नेटफ्लिक्स फुल स्पीडने पाहिजे त्यांनी महिन्याला १०० रुपये जास्त द्यायचे.

मी फोन केला तर म्हणे, "ताई, माझ्या लाइनवरचं निम्म्याहून जास्त ट्रॅफिक ह्या तीन-चार कंपन्यांचं आहे, पैसे ते कमावतात आणि अपग्रेडचा खर्च माझ्या गळ्यात. खरं तर त्यांनी मला पैसे द्यायला पाहिजेत, ते देत नाहीत म्हणून तुमच्याकडे मागतो."

आमच्या घरातच दोन पार्ट्या पडल्यात. दीर म्हणतात बरोबर बोलतोय तो, मुलगा म्हणतो हे नेट न्यूट्रॅलिटीच्या (म्हणजे नेटवर सगळ्या साइटना सारखीच वागणूक) विरोधात आहे, केस ठोका. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. मला दोन गोष्टी सांगा, एक म्हणजे असं वेगळे पैसे घेणं कायद्यात बसतं का, आणि दुसरं, कायदा सोडा, पण माणूस म्हणून त्याचं म्हणणं बरोबर आहे का? बँडविड्थचा, म्हणजे लाइनच्या क्षमतेचा, खर्च नक्की कोणी उचलायचा?

पंचवटीकर

पहिल्याचं उत्तर सोपं, नाही बसत.

ट्रायने (टेलिकॉमचा सरकारी नियामक) ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम काढला, की कंटेंट बघून डेटाचा वेगवेगळा रेट लावायचा नाही. म्हणजे अमुक साइट फुकट आणि तमुकला जादा पैसे, दोन्ही बंद. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत दंड. पुढे २०१८ मध्ये दूरसंचार खात्याने लायसनच्या अटीतच घातलं की कंटेंटवरून भेदभाव करायचा नाही, ना अडवायचं, ना मुद्दाम हळू करायचं, ना कोणाला जास्त स्पीड द्यायचा. तुमचा फायबरवाला एका मेसेजमध्ये दोन्ही मोडतोय, रेटचा पण आणि ७ ते ११ च्या "कंट्रोल"चा पण. आणि तो स्वतः लायसनवाला नसून कोणाची फ्रँचायझी चालवत असला तरी वरच्या कंपनीला हे लागू आहेच.

पण घोळ करू नका, सगळ्याच वेगळ्या रेटला बंदी नाहीये. ५० एमबीपीएसचा एक भाव आणि २०० चा दुसरा, चालतं. लिमिट संपल्यावर सगळंच हळू होतं तेही चालतं, कारण तिथे सगळ्यांना सारखंच हळू. प्लॅनसोबत ओटीटीचं सबस्क्रिप्शन फुकट देतात तेही चालतं, कारण डेटा तर तेवढाच कापला जातो.

तक्रार करायची तर आधी त्याच्याच कंपनीच्या कस्टमर केअरला करून नंबर घ्या, मग अपील, मग दूरसंचार खात्याचं तक्रार पोर्टल. ट्रायकडे एकट्यादुकट्याची तक्रार घेत नाहीत, लोक तिथेच ईमेल करून वाट बघत बसतात. आणि हो, त्याच्या ग्रुपवरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.

(ज्यांना आठवत असेल त्यांच्यासाठी, २०१५ मध्ये ह्याच विषयावर ट्रायला दहा लाखांहून जास्त ईमेल गेले होते आणि ट्रायने ते पाठवणाऱ्यांच्या ईमेल आयडीसकट वेबसाइटवर टाकून दिले होते. माझा पण होता त्यात. त्यानंतर आलेले स्पॅम मी देशकार्य म्हणून सहन केले.)

हिशोबी_माणूस

कायदा बरोबर सांगितला पण ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घालत नाही, तो मी घालतो, शिव्या पडल्या तरी चालतील.

फायबरवाल्याचं मूळ म्हणणं बरोबरच आहे. पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यावर ट्रकला कारपेक्षा जास्त टोल लागतो ना? रस्त्यावर भार जास्त टाकतो म्हणून. मग नेटवर सगळ्यात जास्त भार टाकणाऱ्या चार-पाच कंपन्यांनी जादा दिलं तर आभाळ कोसळतं का? मोबाइल कंपन्यांचं बघा, २०२२ च्या एका ५जी लिलावातच सरकारला दीड लाख कोटींच्या बोली आल्या. त्यावर टॉवर, फायबर, वीज, लायसन फी वेगळी. हे सगळं उभं केल्यावर त्यावरून धंदा कोण करतं, तर ज्यांनी इथे एक खांब रोवला नाही ते. सीओएआय म्हणजे मोबाइल कंपन्यांची संघटना हेच मागतेय की मोठ्या ट्रॅफिकवाल्यांनी वाटा उचलावा. युरोपातल्या टेलिकॉम कंपन्या पण हेच म्हणतात, म्हणजे काही फक्त आपल्याकडचं रडगाणं नाहीये. सामान्य माणसाचं बिल वाढण्यापेक्षा अमेरिकन कंपनीच्या खिशातून गेलेलं काय वाईट?

सिन्नर_फायबर

मी हाच धंदा करतो, लहान आहे, जिल्ह्यापुरतं लायसन, म्हणून जरा आतून सांगतो. लांबेल.

हिशोबीभाऊ, टोलनाक्याचंच घ्या. ट्रकला जास्त टोल, कबूल. पण आत कांदा भरलाय का द्राक्षं हे विचारून टोल लावतात का? नाही ना. आणि दुसरं, तो ट्रक उगाच फिरायला निघालेला नसतो, कोणीतरी माल मागवलेला असतो. माझा कस्टमर बटण दाबतो तेव्हा यूट्यूब व्हिडिओ पाठवतं, स्वतःहून माझ्या लाइनवर कोणी काही ओतत नाही. आणि त्या बटण दाबण्याचेच पैसे मी कस्टमरकडून आधीच घेतलेत, वर १८ टक्के जीएसटी लावून.

आता ताईंच्या सोसायटीचं गणित. फायबरला एका पोर्टवर २.५ जीबीपीएस येतं आणि ते स्प्लिटर लावून ६४ घरांपर्यंत वाटतात. सगळीकडे हेच आहे, यात फसवणूक काही नाही. ताईंची घरं ४०. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. प्रत्येक घरात एकाच वेळी दोन-दोन स्क्रीन चालू धरा, तरी झाले ४०० एमबीपीएस. २५०० पैकी ४००! म्हणजे सोसायटीची वायर काही झिजत नाहीये, अर्ध्याच्या अर्धी पण भरत नाहीये. संध्याकाळी अडकतं ते पुढे, त्याच्या ऑफिसातून वरच्या कंपनीकडे जी लाइन जाते तिथे. ती त्याने किती घेतली आणि त्यावर किती कनेक्शन विकली, सगळी गोम तिथे.

आणि गंमत ऐका, मला सगळ्यात स्वस्त ट्रॅफिक कुठलं पडतं तर ह्याच बदनाम कंपन्यांचं. गूगलचे कॅश सर्व्हर (व्हिडिओची कॉपी जवळच साठवून ठेवणारे डबे) असतात, नेटफ्लिक्सचे असतात. मोठ्या आयएसपीला (नेट पुरवणाऱ्या कंपनीला) ते डबे कंपनी स्वतःच्या खर्चाने देते, आयएसपीने जागा, वीज आणि लाइन द्यायची. लोक जे बघतात ते त्यात साठवलेलं असतं (नेटफ्लिक्स तर गर्दी नसतानाच भरून ठेवतं) आणि तिथूनच देतात, अमेरिकेपर्यंत कोणी जात नाही. माझ्यासारख्या बारक्याला डबा मिळत नाही, पण वरची कंपनी ते ट्रॅफिक वेगळं आणि स्वस्तात देते, नाहीतर मुंबईला एक्स्चेंजवर (नेटवर्क एकमेकांना जोडायची जागा) पोर्ट घेऊन सरळ जोडून घ्यायचं, मग नाशिक-मुंबई लिंकचं भाडं तेवढं लागतं. महाग काय पडतं तर बाकीचं इंटरनेट, कुठली तरी परदेशातली साइट, गेमचा सर्व्हर, कंपनीचा व्हीपीएन. म्हणजे खर्चावरच रेट ठरवायचा तर वर्क फ्रॉम होमवाल्याला जादा लावावा लागेल आणि यूट्यूबवाल्याला सूट! बोला.

शिवाय खर्च जीबीवर नसतो, गर्दीच्या तासावर असतो. काही अपस्ट्रीमवाले (म्हणजे वरच्या कंपन्या) बिल असं लावतात की महिनाभर दर पाच मिनिटांनी रीडिंग घ्यायचं, वरची पाच टक्के रीडिंग सोडून द्यायची आणि उरलेल्यात जे सगळ्यात मोठं त्याचं बिल. महिन्याची ८६४० रीडिंग होतात, पाच टक्के म्हणजे ४३२, म्हणजे ३६ तास माफ. आयपीएलची फायनल त्यात बसून जाते, चिंता नाही. पण रोज रात्री ९ ते ११ लोक बसतात त्याचे महिन्याचे ६० तास होतात, ते माफीत मावत नाहीत. म्हणून पहाटे तीनला कोणी १०० जीबीची गेम उतरवली तर मला घंटा फरक पडत नाही, आणि रात्री साडेनऊला आजीने सिरीयल लावली तर पडतो. आता सांगा, "जास्त वापरतो त्याने जास्त द्यावं" हे आजीला जाऊन कोण सांगणार.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. कुंभमेळ्याच्या कामांसाठी जिकडेतिकडे खोदलंय, जेसीबी आला की फायबर गेली, रात्री दोनला जोडायला माणूस पाठवा. खांबावरून टाकली की काढा म्हणतात, जमिनीतून टाकायची तर परवानगी आणि रस्ता फोडायचे पैसे. यासाठी कोणी सीईओ भाषण देत नाही.

रात्रीचा_गेमर

सिन्नर भाऊ 🙏 पहिल्यांदा कोणीतरी आतलं सांगितलं. मी केटीएचएम कॉलेजला आहे आणि थोडंफार स्ट्रीमिंग करतो, त्यामुळे कोरियाचं प्रकरण नीट फॉलो केलेलं, हिशोबी काकांसाठी टाकतो.

दक्षिण कोरियाने हे करून बघितलंय. २०१६ पासून तिकडे असा नियम की ज्या नेटवर्कमधून ट्रॅफिक जातं त्याने समोरच्या नेटवर्कला पैसे द्यायचे. झालं काय, तर ज्या आयएसपीकडे पॉप्युलर कंटेंट होता त्याच्यावरच बिल बसायला लागलं आणि मग ते सगळं वेबसाइटवाल्यांकडून वसूल व्हायला लागलं. ट्विचने (लोक गेम खेळताना लाइव्ह दाखवतात ती साइट) आधी २०२२ मध्ये कोरियात क्वालिटी ७२०पी वर आणली, मग फेब्रुवारी २०२४ मध्ये दुकानच बंद केलं, म्हणाले इथला नेटवर्कचा खर्च बाकी देशांच्या दहापट आहे. म्हणजे ज्या देशात गेमिंग हा जवळजवळ राष्ट्रीय खेळ आहे तिथून गेम स्ट्रीमिंगचा सगळ्यात मोठा प्लॅटफॉर्म उठून गेला. नेटफ्लिक्स आणि तिथल्या एसके ब्रॉडबँड ह्या नेट कंपनीची पण कोर्टात वर्षानुवर्षं चालली आणि २०२३ मध्ये आपसात मिटवलं.

नेटफ्लिक्स देऊ शकेल ओ पैसे, त्यांचं काय जातंय. पण उद्या नाशिकच्या एखाद्या पोराने काहीतरी ॲप काढलं आणि ते चाललं तर त्याला पण प्रत्येक आयएसपीच्या दारात जायचं का, साहेब माझं ॲप तुमच्या लोकांना दिसू द्या, किती द्यायचे?

निफाडचा_पाटील

शहरवाल्यांची चर्चा वाचून मजा वाटली. आमच्याकडे फायबर गावाच्या शाळेपर्यंत आलंय असं कागदावर आहे, चालतं मोबाइलवर, ते पण घराच्या गच्चीवर दोन काड्या.

मी २०१५-१६ ला उलट्या बाजूने होतो, स्पष्ट सांगतो. तेव्हा फेसबुकचं फ्री बेसिक्स आलं होतं, ठरावीक साइट फुकट. पुण्या-मुंबईचे पोरं विरोध करत होते ज्यांच्या घरी ऑलरेडी ब्रॉडबँड. आमच्यासारख्याला वाटायचं, अरे हवामान आणि बाजारभाव फुकट दिसला तर तुमचं काय जातंय? बाजार समितीत आज कांदा काय भावाने गेला हे कळायला तेव्हा फोनच करावा लागायचा. ट्रायने नियम काढला आणि ते बंद पडलं. सहा-सात महिन्यांत, सप्टेंबर २०१६ ला, जिओ आलं आणि डेटाच एवढा स्वस्त झाला की फुकट चार साइट कोणाला पाहिजेत. आता द्राक्षावर डावणी रोग दिसला की पानाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतो, सल्ला देणाऱ्याचा यूट्यूब चॅनल आहे, तो काही फ्री बेसिक्समध्ये आला नसता. तरी तेव्हा आमचं म्हणणं कोणी ऐकलं नाही याचा राग अजून आहे हो.

माझा सवाल वेगळा आहे. वाडी-वस्तीवर टॉवर टाकायला पैसे कोण देणार? मोबाइल कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के गावाकडच्या नेटवर्कसाठी कापले जातात, आधी यूएसओ फंड म्हणायचे, आता डिजिटल भारत निधी. म्हणजे खेड्यासाठी पैसा तुमच्या बिलातून जातोच आहे. मग नेटफ्लिक्सकडून आणखी वाटा घेतला तर तो टॉवर माझ्या मळ्याजवळ येईल याची गॅरंटी कोण देतं? तो जाणार कंपनीच्या ताळेबंदात.

हिशोबी_माणूस

पाटील, तुमचा मुद्दा मान्य, पैसे घेतले तर ते कुठे खर्च करायचे हे बांधून द्यायला पाहिजे. पण कोरियाचं उदाहरण द्यायचं आणि आपल्याकडचे भाव विसरायचे हे बरोबर नाही. इथे डेटा जगात स्वस्तातल्या स्वस्त देशांत आहे, आणि एवढ्या स्वस्तात कंपन्या टिकत नाहीत. एकेकाळी डझनभर मोबाइल कंपन्या होत्या, आज खासगी तीन आणि बीएसएनएल. तिसरीची अवस्था सगळ्यांना माहितीये. पैसा कुठून तरी यायलाच लागेल ना, नाहीतर जुलै २०२४ सारखी रिचार्जची वाढ दर दोन वर्षांनी सहन करायची.

पंचवटीकर

हिशोबी, यात एक बारीक गोष्ट राहतेय. मोबाइल कंपनी नुसती वायरवाली असती तर तुमचं म्हणणं विचारात घेतलं असतं. पण आता सगळ्यात मोठ्या नेटवर्कच्या मालकाच्याच घरात सगळ्यात मोठं ओटीटी आहे, जिओ आणि जिओहॉटस्टार. मग "मोठ्या ट्रॅफिकवाल्याने वाटा द्यावा" म्हटल्यावर आयपीएलचा वाटा कोण कोणाला देणार? उजव्या खिशातून डाव्या खिशात. आणि प्रतिस्पर्ध्याला मात्र खरंखुरं बिल. हा खेळ एकदा चालू झाला की थांबवायचा कोणी?

आणि युरोपचं म्हणाल तर तिथल्या टेलिकॉम नियामकांच्या संघटनेने, बेरेकने, २०२२ मध्येच सांगितलं की अशा फीची गरज आहे असा पुरावा दिसत नाही.

एक अपवाद मात्र मला पटतो. २०२७ च्या कुंभमेळ्यात रामकुंडावर अमृतस्नानाच्या दिवशी लाखो लोक एकाच वेळी व्हिडिओ कॉल लावणार, तेव्हा पोलिस आणि ॲम्ब्युलन्सचं कम्युनिकेशन आधी गेलं पाहिजे, बाकीचं थांबलं तरी चालेल. त्याला नियमात जागा आहे, इमर्जन्सीसाठी सूट २०१८ च्या अटीतच दिलीय. त्याचा आधार घेऊन "आमचं गेमिंग पॅक पण स्पेशल" असं कोणी म्हणायला लागलं तर मात्र भांडायचं.

इंदिरानगर_बी_विंग

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. अपडेट देते. सिन्नरच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे काल त्याला ऑफिसात जाऊन विचारलं, की बाबा वरची लाइन किती आणि कनेक्शन किती. आधी टाळाटाळ, मग चहा मागवला, मग सांगितलं. १ जीबीपीएसची लाइन आणि सातशेच्या आसपास कनेक्शन! आणि कायद्याचं बोलल्यावर म्हणे, "ताई असं आहे होय, मला वरून डिस्ट्रिब्युटरने आयडिया दिली." खरं-खोटं देव जाणे.

पण एक अडचण आहे. आमच्या वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड काकू एकट्या राहतात, व्हॉट्सॲप आणि अमेरिकेतल्या मुलीचा रविवारचा व्हिडिओ कॉल, बास. त्या म्हणतात सगळ्यांचा रेट सारखा वाढवला तर मी तुमच्या पोरांच्या गेमचे पैसे का भरू? याला काय उत्तर देऊ?

सिन्नर_फायबर

सातशे कनेक्शनला १ जीबीपीएस, मग अडकणारच. मी रात्रीच्या गर्दीत एका कनेक्शनमागे सरासरी दोन एमबीपीएस तरी धरून चालतो, म्हणजे त्याला १.४ च्या आसपास पाहिजे, थोडी जागा ठेवायची तर दीड-दोन. नेटफ्लिक्सचा काही संबंध नाही, त्याने कनेक्शन वाढवत नेली आणि लाइन तेवढीच ठेवली. त्याला विचारा की अपस्ट्रीमकडून कॅशचं ट्रॅफिक वेगळं घेतो का, का सगळं एकाच भावात घेतो. सगळं एकाच भावात घेत असेल तर तोच जास्त पैसे घालवतोय.

काकूंचं बरोबर आहे आणि त्यावर उपाय पण आहे, त्यांना ३० किंवा ४० एमबीपीएसचा स्वस्त प्लॅन काढून द्यायला सांगा. त्यात व्हिडिओ कॉल आरामात चालतो. स्पीडप्रमाणे भाव लावायला कोणाची ना नाही. आणि १०० वाल्यांना त्याने सरळ ३०-४० रुपये वाढवून मागितले तर द्या बुवा, पण लेखी घ्या की वरची लाइन अमुक तारखेपर्यंत २ जीबीपीएस करणार. मी धंद्यातला आहे म्हणून सांगत नाही, खरंच दोन-तीन वर्षं रेट न वाढवता चालवणारे पुष्कळ आहेत आणि मग ते असले शॉर्टकट मारतात.

आणि दुसऱ्या कोणाला डक्टमधून वायर टाकू द्यायचा ठराव पण त्याच मीटिंगला मांडा. तो पास झाला की बघा, २ जीबीपीएसची तारीख आपोआप अलीकडे येते.

हिशोबी_माणूस

डक्टचा ठराव एकदम बरोबर, त्यावर आपलं एकमत. नेटफ्लिक्सने द्यावं यावर मी ठाम आहे, ती चर्चा वेगळा धागा काढून करू, इथे ताईंची मीटिंग होऊ द्या.

रात्रीचा_गेमर

ताई मीटिंगमध्ये हे पण विचारा ना की पब्लिक आयपी (नेटवरचा आपला स्वतंत्र पत्ता) देतो का, सातशे जणांना एकाच आयपीमागे बसवलं असेल तर आमच्यासारख्यांचे गेम कनेक्टच होत नाहीत 😭